गुळाची पारख आणि माणसाची पारख

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा हंगाम सुरू झाला की सौद्याच्या वेळी एक दृश्य नित्य दिसते. रव्यांच्या थप्पीपुढे खरेदीदार उभा राहतो, गूळ थोडा फोडून पाहतो, रंग व कणी न्याहाळतो, तुकडा जिभेवर ठेवतो आणि बोली बोलतो. या सर्वाला काही क्षणच लागतात. गुजरीतील जुना सराफ कसोटीच्या दगडावर उमटलेल्या रेघेवरून सोन्याचा कस असाच सांगतो. आपण याला ‘नजर बसणे’ म्हणतो. व्यापारी घराण्यांत ही नजर भांडवलाइतकीच मोलाची मानली जाते, आणि ते योग्यही आहे.

मात्र ही नजर कोठे विश्वासार्ह असते आणि कोठे फसवते, याचा विचार आपण क्वचितच करतो. २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी झटपट निर्णयांतील चुकांचा आयुष्यभर अभ्यास केला. उलट गॅरी क्लाइन यांनी आगीशी झुंजणाऱ्या अग्निशमन दलाच्या प्रमुखांचे अचूक तत्काळ निर्णय अभ्यासले. दोघांची मते परस्परविरुद्ध वाटत होती. तरी २००९ साली त्यांनी एकत्र लेख लिहिला आणि त्यात त्यांचे एकमत झाले. अंतःप्रेरणेवर विसंबायचे तर दोन अटी हव्यात : ज्या क्षेत्रात निर्णय घ्यायचा त्यात काही स्थिर नियमितता हवी, आणि आपला अंदाज बरोबर ठरला की चुकला, हे पुनःपुन्हा व लवकर कळायला हवे.

गुळाच्या व्यापाऱ्याला या दोन्ही अटी लाभतात. तो हंगामात असंख्य रवे पाहतो. माल पाझरला, काळवंडला किंवा गिऱ्हाइकाने परत केला, तर चूक लगेच वहीत उतरते. अशा अनेक हंगामांनी त्याची नजर घडलेली असते.

पण या कसलेल्या नजरेलाही चकवणारी एक गोष्ट याच बाजाराने पाहिली आहे. उजळ, पिवळाधमक गूळ अधिक भावाने जातो. म्हणून गुऱ्हाळात रस स्वच्छ करण्यासाठी पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या भेंडीच्या चिकाच्या जोडीला हायड्रॉस पावडर आली. तिने गुळाचा रंग उजळतो. परंतु तो उजळपणा टिकाऊ नसतो आणि गुळात गंधकाचा अंश उरू शकतो. रसायन न घातलेला गूळ बहुधा तपकिरी दिसतो, म्हणून पहिल्या नजरेत मागे पडतो. ज्या खुणेवर बाजार विसंबतो, ती खूणच कोणी रंगवून आणली तर नजर काय करणार? खाद्यसुरक्षेच्या नियमांनी अशा अंशावर मर्यादा घालावी लागते, ती याचसाठी. तेथे डोळ्यांपेक्षा प्रयोगशाळेचा अहवाल खरा.

माणसाच्या बाबतीत तर या दोन्ही अटी बहुधा नसतातच. अलेक्झांडर तोदोरोव व जॅनीन विलिस यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी चेहरा सेकंदाच्या एक-दशांशाइतका वेळच दाखवला, तरी पाहणाऱ्यांनी तो माणूस विश्वासू आहे की नाही हे ठरवून टाकले. अधिक वेळ दिल्यावर मत फारसे बदलले नाही. त्या मतावरचा विश्वास मात्र वाढला. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९४६ सालीच दाखवले होते की एका व्यक्तीची तीच विशेषणे क्रम उलटून सांगितली, तरी ऐकणाऱ्याच्या मनातील प्रतिमा पालटते. ‘बुद्धिमान, कष्टाळू’ आधी आले तर पुढचा ‘हट्टी’ सौम्य वाटतो. ‘मत्सरी, हट्टी’ आधी आले तर बुद्धीही संशयास्पद ठरते.

आता आपल्या घरातील निर्णय पाहावेत. दुकानात आलेल्या नव्या गिऱ्हाइकाला उधारी द्यावी की नाही, हे त्याच्या गाडीवरून व बोलण्याच्या ऐटीवरून ठरते. नोकरीसाठी आलेला खेड्यातील मुलगा बुजरा म्हणून नाकारला जातो. मुलीचे स्थळ चहा-पोह्यांच्या अर्ध्या तासात पसंत वा नापसंत होते. नाकारलेला मुलगा पुढे कसा निघाला, हे आपल्याला कधी कळतच नाही. म्हणून चूक वहीत उतरत नाही आणि ‘माझी माणसांची पारख पक्की’ हा समज तसाच राहतो.

या दोषावरचा विचार आपल्या परंपरेत फार पूर्वी झाला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायात मतिज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत दिलेले उदाहरण सोपे आहे. दुरून काही पांढरे दिसले, हा अवग्रह. ते बगळी असेल की पताका, असा विशेष जाणण्याचा प्रयत्न, ही ईहा. पंखांची हालचाल, वरखाली होणे पाहून ती बगळीच असा निश्चय, हा अवाय. आणि तो न विसरणे, ही धारणा. ईहा म्हणजे संशय नव्हे. संशय दोन्हींकडे लोंबकळत राहतो. ईहा निर्णयाकडे चालत जाते. हे विवेचन इंद्रियज्ञानाचे आहे, तरी व्यवहारालाही ते लागू पडते. माणसाविषयी घाईने मत बनवताना आपण अवग्रहावरून थेट धारणेवर उडी घेतो. मधल्या दोन पायऱ्या गळतात आणि पहिले दर्शन कायमची समजूत होऊन बसते.

ईहेसाठी वेळ काढण्याचे मार्ग साधे आहेत. कानेमान तरुणपणी इस्रायलच्या सैन्यात असताना त्यांनी मुलाखतीची पद्धत बदलली. सर्वांना ठरावीक प्रश्न विचारावेत, सहा गुणांना प्रत्येकी स्वतंत्र गुण द्यावेत आणि एकंदर मत अगदी शेवटी बनवावे, असा नियम त्यांनी घातला. निवड पूर्वीपेक्षा सुधारली. दुकानातील माणूस निवडताना हे सहज करता येईल. नव्या गिऱ्हाइकाची पहिली उधारी लहान ठेवावी, दोन पेढ्यांकडे चौकशी करावी, आणि ती वेळेवर फिटली की मर्यादा वाढवावी. स्थळाच्या बाबतीत त्याच दिवशी होकार-नकार न देता मुलामुलींना पुन्हा भेटू द्यावे, आणि घरातील प्रत्येकाने आपले मत इतरांचे ऐकण्यापूर्वी सांगावे. नाहीतर वडीलधाऱ्यांचा पहिला शब्दच सर्वांचा शब्द होतो.

सौद्यात चुकलेल्या बोलीचे नुकसान पुढच्या हंगामात भरून निघते. एखाद्या होतकरू मुलाला अगर गुणी मुलीला पहिल्या नजरेने नाकारले, तर नुकसान त्यांचेही होते आणि आपल्या घराचेही. तेव्हा गुळाची पारख व्यापाऱ्याच्या नजरेने खुशाल करावी. माणूस पारखताना मात्र बगळी की पताका हे पाहण्याइतका धीर धरावा.