गव्हाणी घुबड : शेताचे रात्रीचे राखणदार

रात्री दिवे मालवावेत आणि चर्चच्या जुन्या घंटाघरातून किंवा पडक्या वाड्यातून एकाएकी कर्कश किंकाळी ऐकू यावी, असे अनेक गावांत घडते. लहान मुले आईला बिलगतात, थोरांपैकी कोणीतरी "अपशकुन झाला" असे पुटपुटते आणि सकाळी पोरे दगड घेऊन निघतात. शेतकरी बंधुभगिनींनो, तो दगड उचलण्यापूर्वी हे ओरडणारे कोण, ते जाणून घेऊ या.

हे गव्हाणी घुबड होय. ते इतर घुबडांसारखे घुमत नाही. उडताना लांब, खरखरीत किंचाळते. घरट्याजवळ कोणी गेल्यास सापासारखे फुत्कारते व चोच टकटक वाजवते. पोटमाळ्यावर रात्रभर कोणी घोरत असल्यासारखा आवाज येतो, तो भुतांचा नव्हे. भुकेली पिले आईबापांकडे खाऊ मागत असतात!

ओळखायला हा पक्षी सोपा आहे. लांबी सुमारे एक फूट, चेहरा पांढरा व पत्त्यातील बदामाच्या आकाराचा, डोळे काळे. पाठ सोनेरी-करडी व ठिपकेदार, पोट पांढरट. पंखांच्या कडेला बारीक दातेरी झालर व वर मखमली लव असल्याने ते उडताना आवाज होत नाही. चेहऱ्याची बशी आवाज गोळा करते आणि एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित वर असतो. त्यामुळे मिट्ट काळोखातही, केवळ खुडबुडीवरून, ते उंदराला अचूक पकडते.

उंदीर, घुशी व चिचुंद्र्या हे त्याचे मुख्य अन्न. लहान शिकार ते सबंध गिळते आणि न पचलेली हाडे व केस गोळीच्या रूपाने ओकून टाकते. बसण्याच्या जागेखाली अशा गोळ्या सापडतात. एखादी पाण्यात भिजवून काडीने उकला आणि आतल्या कवट्या मोजा. नंतर हात साबणाने धुवा. घुबडाने काय खाल्ले, याचा हिशेब डोळ्यांसमोर येईल. मादी बहुधा चार ते सात अंडी घालते. एवढ्या पिलांची पोटे भरण्यासाठी जोडी रात्रभर फेऱ्या मारते.

उंदीर केवळ भाताच्या लोंब्या कुरतडतात असे नाही. त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाणथळ शेतात उतरतात व पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. म्हणून चिखलात उतरताना जखम झाकावी, शक्य तर गमबूट घालावेत. काम केल्यानंतर ताप आला व पोटऱ्या दुखू लागल्या, तर अंगावर न काढता डॉक्टरांकडे जावे.

उंदरांसाठी विष टाकताना मात्र विचार करा. ब्रोमॅडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस झिंगत फिरतो. तो घुबडाला सहज सापडतो आणि विष राखणदाराच्याच पोटात जाते. आधी सापळे लावा, बांधावरची बिळे बुजवा. विष वापरलेच, तर मेलेले उंदीर हातमोजे घालून उचला व खोल पुरा. शेतात इंग्रजी 'टी' अक्षरासारखे लाकडी पक्षीथांबे उभारा. त्यांवर बसून घुबड टेहळणी करील.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने घुबड मारणे, पकडणे व विकणे हा गुन्हा आहे. छप्पर दुरुस्तीला काढाल तेव्हा आधी पिले आहेत का पाहा. असल्यास ती उडून जाईपर्यंत, सुमारे दोन महिने, थांबा. आणि पुन्हा ती किंकाळी ऐकू आली, तर मुलांना एवढेच सांगा : "घाबरू नका. आपला राखणदार कामावर निघाला आहे."