घरातली शाळा आणि सोळाव्या वर्षीचे मत

ब्रिटनमध्ये सोळा वर्षे पूर्ण केलेल्यांना पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत मताधिकार देण्याचे धोरण तेथील सरकारने १७ जुलै २०२५ रोजी जाहीर केले, तेव्हापासून शाळांमध्ये नागरिकशास्त्र नीट शिकवले जाते का आणि शिक्षक आपली मते मुलांवर लादत तर नाहीत ना, यावर बरीच चर्चा झाली. परंतु जी मुले शाळेत जातच नाहीत त्यांच्या राजकीय शिक्षणाचे काय, हा प्रश्न त्या चर्चेच्या कडेलाच राहिला. ही मुले मूठभर नाहीत. इंग्लंडच्या शिक्षण खात्याने स्थानिक प्रशासनांकडून जमवलेल्या आकडेवारीनुसार २०२२च्या शरद सत्रात सुमारे ८०,९०० मुले घरी शिकत होती, ती संख्या २०२४च्या शरद सत्रात सुमारे १,११,७०० झाली. त्यांत माध्यमिक वयाच्या, म्हणजे थोड्याच वर्षांत मतदार होऊ घातलेल्या, मुलामुलींचे प्रमाण अधिक आहे.

मराठी वाचकाने हा विषय परका मानण्याचे कारण नाही. ब्रिटनच्या निवडणूक कायद्यानुसार तेथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना, म्हणजे भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्यांनाही, पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येते. त्यामुळे लंडन, लेस्टर किंवा मँचेस्टर येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील ज्या मुलीला भारतात मतदानासाठी अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबावे लागले असते, ती तेथे या धोरणानुसार अकरावीच्या वयातच मतदान केंद्रावर जाऊ शकेल. स्कॉटलंडमध्ये २०१४च्या स्वातंत्र्यविषयक सार्वमतात आणि वेल्समध्ये २०२१च्या सेनेड निवडणुकीत, म्हणजे तेथील विधिमंडळाच्या निवडणुकीत, सोळा वर्षांच्या मुलांनी याआधीच मत दिलेले आहे.

कायदा काय मागतो?

इंग्लंड आणि वेल्समध्ये शिक्षण सक्तीचे आहे, शाळा सक्तीची नाही. १९४४च्या शिक्षण कायद्याने घालून दिलेली आणि १९९६च्या कायद्याच्या सातव्या कलमात कायम राहिलेली तरतूद अशी, की मुलाला त्याचे वय, क्षमता, कल आणि विशेष गरजा यांना साजेसे पूर्णवेळ शिक्षण मिळवून देण्याची जबाबदारी पालकांची असते आणि ती शाळेत नियमित पाठवून किंवा अन्य प्रकारे पार पाडता येते. गृहशिक्षणाचा सारा डोलारा या 'अन्य प्रकारे'वर उभा आहे. घरी शिकवणाऱ्या पालकाला शिक्षकाची पदवी लागत नाही, राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळावा लागत नाही, वेळापत्रकही आखावे लागत नाही. न्यायालयांनी एवढेच म्हटले आहे, की दिलेल्या शिक्षणाने मूल आधुनिक समाजात जगण्यास सिद्ध झाले पाहिजे. स्कॉटलंडमध्ये सरकारी शाळेतून मूल काढताना स्थानिक प्रशासनाची संमती घ्यावी लागते आणि जर्मनीत तर गृहशिक्षणाला मनाईच आहे. त्या मानाने इंग्लंडची मोकळीक मोठी आहे.

या मोकळिकीचा नागरिकशास्त्राशी थेट संबंध येतो. राज्यशास्त्राचे प्राध्यापक बर्नार्ड क्रिक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९८ मध्ये दिलेल्या अहवालानंतर २००२ पासून इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात अकरा ते सोळा वयोगटासाठी नागरिकशास्त्र हा विषय अनिवार्य झाला. शिवाय १९९६च्याच कायद्याची ४०६ आणि ४०७ ही कलमे शाळांवर दोन बंधने घालतात: पक्षीय मतांचा प्रचार करायचा नाही आणि राजकीय प्रश्न वर्गात निघाला, तर परस्परविरोधी बाजू समतोलपणे मांडायच्या. घराच्या उंबरठ्याआड ही बंधने लागू नाहीत, आणि ती असूही नयेत, कारण जेवणाच्या टेबलावर आईवडिलांनी काय बोलावे हे सरकारने ठरवायचे नसते. तरीही त्यामुळे एक उणीव राहते, हे मान्य केले पाहिजे: शाळेतल्या मुलाला दुसरी बाजू ऐकण्याचा जो हक्क कायद्याने मिळतो, तो घरी शिकणाऱ्या मुलाला पालकांच्या मर्जीवर मिळतो.

मिलच्या घरातला धडा

या प्रश्नाचा सर्वांत बोलका पुरावा दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये सापडतो. आगरकरांच्या विचारांवर ज्याची दाट छाया पडली तो तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल (१८०६–१८७३) शाळेत कधी गेलाच नाही. वडील जेम्स मिल यांनी त्याला तिसऱ्या वर्षी ग्रीक आणि आठव्या वर्षी लॅटिन शिकवायला घेतले. वडील ज्या टेबलावर हिंदुस्थानचा इतिहास लिहीत, त्याच टेबलाशी बसून मुलगा ग्रीक वाचे. ग्रीक-इंग्रजी शब्दकोश तेव्हा उपलब्ध नव्हता आणि लॅटिन अजून येत नव्हते, म्हणून अडलेला प्रत्येक शब्द तो वडिलांना विचारी आणि एरवी तापट असलेले वडील लेखन थांबवून अर्थ सांगत. सकाळी न्याहारीपूर्वी दोघे फिरायला निघत, तेव्हा आदल्या दिवशी वाचलेल्या इतिहासग्रंथांतून चिठ्ठ्यांवर टिपलेल्या नोंदींच्या आधारे मुलगा वडिलांना सारे पुन्हा सांगे. वडिलांच्या हिंदुस्थानविषयक ग्रंथाची मुद्रिते तपासली जात असताना त्याचे हस्तलिखित मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम या मुलाकडे होते, तेव्हा त्याचे वय सुमारे अकरा वर्षांचे होते.

असा मुलगा चालू घडामोडींकडे वळला नसता तरच नवल. १८२३च्या जानेवारी-फेब्रुवारीत 'मॉर्निंग क्रॉनिकल' या वृत्तपत्रात 'विक्लिफ' या टोपणनावाने तीन पत्रे प्रसिद्ध झाली. धर्मचिकित्सेची पुस्तके छापल्याबद्दल रिचर्ड कार्लाइल हा प्रकाशक तुरुंगात होता, त्याच्या पत्नीवर आणि बहिणीवरही खटले झाले होते, आणि त्या प्रकरणाच्या निमित्ताने धर्मविषयक मते छापण्याचे स्वातंत्र्य किती व्यापक असावे याचा ऊहापोह त्या पत्रांत होता. पत्रलेखक होता सोळा वर्षांचा मिल; त्याने पाठवलेल्या पाचांपैकी दोन पत्रे फारच परखड असल्यामुळे छापली गेली नाहीत. म्हणजे आज ब्रिटनचे सरकार ज्या वयात मताचा हक्क देऊ पाहते, त्याच वयात घरी शिकलेला एक मुलगा राजधानीच्या वृत्तपत्रातून मतस्वातंत्र्याची बाजू लढवत होता. घरी शिकणारी मुले जगापासून तुटतात, असे सरसकट म्हणणाऱ्यांना हे एकच उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

मात्र मिलच्या आत्मचरित्रात दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे आलेली आहे. वडिलांनी त्याला इतर मुलांच्या संगतीपासून जाणीवपूर्वक दूर ठेवले होते आणि १८२६च्या शरदात, विसाव्या वर्षी, ज्या सुधारणांसाठी जगायचे त्या उद्या सगळ्या घडून आल्या तरी आपल्याला आनंद होणार नाही, या जाणिवेने तो खोल नैराश्यात गेला. विश्लेषणाच्या सततच्या सवयीने भावना झिजवल्या, असे निदान त्याने स्वतःच केले. त्या काळाच्या अलीकडे आणि पलीकडे त्याने जे उभे केले ते लक्षणीय आहे: सोळा-सतराव्या वर्षी समवयस्कांचे अभ्यासमंडळ, १८२५ मध्ये रॉबर्ट ओवेनच्या समाजवादी अनुयायांशी आठवड्यामागून आठवडे चाललेले जाहीर वादविवाद, आणि त्यानंतर लंडन डिबेटिंग सोसायटी. जे घरात मिळाले नव्हते, म्हणजे न पटणारे मत ठामपणे मांडणारा समोरचा माणूस, ते त्याने बाहेर जाऊन मिळवले.

पुढे १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी' या ग्रंथात त्याने या अनुभवाशी सुसंगत अशी योजना मांडली. सरकारने शिक्षण सक्तीचे करावे, पण सारे शिक्षण आपल्या हाती घेऊ नये; पालकांना हवे तेथे शिकवू द्यावे आणि मूल शिकते आहे की नाही हे सार्वजनिक परीक्षांतून पाहावे. राजकारण आणि धर्म यांसारख्या वादग्रस्त विषयांत कोणते मत खरे हे परीक्षेत विचारायचे नाही. अमुक मत कोणी, कोणत्या कारणांनी मांडले आहे, एवढेच विद्यार्थ्याला ठाऊक असल्याची खात्री करायची. पालकांचे स्वातंत्र्य आणि मुलाचा दुसरी बाजू जाणण्याचा हक्क, या दोहोंना एकाच वेळी जागा देणारी इतकी नेमकी मांडणी आजच्या धोरणकर्त्यांनाही साधलेली नाही.

आजची दारे

आजचे चित्र पाहिले तर पालकांच्या हाती साधने भरपूर आहेत. बीबीसीचा 'न्यूजराउंड' हा मुलांसाठीचा बातम्यांचा कार्यक्रम १९७२ पासून चालू आहे, 'फर्स्ट न्यूज' आणि 'द वीक ज्युनियर' ही साप्ताहिके खास मुलांसाठी निघतात. पार्लमेंट चालू असताना बुधवारी दुपारी बारा वाजता पंतप्रधानांना सभागृहात प्रश्न विचारले जातात, त्या वेळी शाळेतले मूल बहुधा वर्गात असते, तर घरी शिकणारे मूल ते सारे थेट पाहू शकते आणि लगेच त्याविषयी वाचू शकते. संसदीय समित्यांच्या बहुतेक सुनावण्या जनतेला खुल्या असतात. वेळेची ही मुभा गृहशिक्षणाचे खरे बलस्थान आहे आणि ज्या घरांत तिचा उपयोग होतो, तेथील मुलांची राजकीय जाण कोणत्याही वर्गाला हेवा वाटावा अशी होऊ शकते.

अडचण येते ती या आवडीला अधिकृत मान्यता मिळवताना. सोळाव्या वर्षी द्यायच्या जीसीएसई परीक्षांना, म्हणजे साधारणतः आपल्या दहावीच्या परीक्षेला, घरी शिकणारी मुले खाजगी परीक्षार्थी म्हणून बसतात. त्यांना प्रवेश देणारे केंद्र पालकांनी शोधायचे, प्रत्येक विषयाचे शुल्कही त्यांनीच भरायचे. नागरिकशास्त्राची स्वतंत्र जीसीएसई परीक्षा अस्तित्वात आहे. पण गणित, इंग्रजी आणि विज्ञान यांचाच खर्च जेमतेम पेलणारे कुटुंब तिच्याकडे वळेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. त्यातच नोंदवल्या जाणाऱ्या कारणांत मानसिक आरोग्याचे कारण ठळक आहे, म्हणजे अनेक मुले तात्त्विक निवडीमुळे नव्हे, तर शाळा असह्य झाल्यामुळे घरी आलेली आहेत आणि त्यांच्या पालकांनी मिलच्या वडिलांसारखी कोणतीही पूर्वतयारी केलेली नाही.

सरकारचे लक्ष मात्र प्रामुख्याने नोंदणीवर आहे. वोकिंग येथे शाळेतून काढून घरी ठेवलेल्या दहा वर्षांच्या मुलीची २०२३ मध्ये घरातच हत्या झाली. त्या प्रकरणाचा निकाल लागला त्याच महिन्यात, डिसेंबर २०२४ मध्ये, मांडलेल्या बालकल्याण आणि शाळा विधेयकात शाळेबाहेरील मुलांची नोंदवही ठेवणे स्थानिक प्रशासनांना अनिवार्य करण्याची आणि बालसंरक्षणाची चौकशी चालू असलेल्या मुलाला शाळेतून काढण्यापूर्वी संमती घेण्याची तरतूद आहे. गृहशिक्षण करणाऱ्या अनेक पालकांना यात संशयाची छाया दिसते आणि २००९ मध्ये ग्रॅहम बॅडमन यांच्या अहवालाने सुचवलेल्या नोंदणीला त्यांनी केलेला कडवा विरोधही त्यातूनच आला होता. परंतु जे मूल कोणाच्याच नजरेस पडत नाही त्याची नोंद ठेवणे हे राज्याचे किमान कर्तव्य आहे आणि त्याला विरोध करणे योग्य नाही.

मुद्दा त्यापुढचा आहे. मुलाचे नाव वहीत लिहिणारे प्रशासन त्याच नावावर काही देणारही असले पाहिजे. विधेयकात पालकांनी मागितल्यास सल्ला आणि माहिती देण्याचे कर्तव्य प्रशासनावर घातले आहे. ते केवळ सल्ल्यापुरते न राहता प्रत्येक जिल्ह्यात खाजगी परीक्षार्थींसाठी एक खात्रीचे परीक्षा केंद्र, नागरिकशास्त्राच्या परीक्षेला शुल्कमाफी, आणि स्थानिक शाळांतील अभिरूप निवडणुका व वादस्पर्धांत घरी शिकणाऱ्यांनाही प्रवेश, इथवर गेले पाहिजे. यासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम घरात घुसवण्याची गरज नाही.

पालकांचे कर्तव्यही यातून सुटत नाही. घरी शिकणाऱ्या किशोरवयीन मुलाला बातम्यांची आवड लागली असेल, तर तिला खतपाणी घालताना आपल्या मतांचे वृत्तपत्र जितक्या नियमाने घरात येते तितक्याच नियमाने विरुद्ध मताचेही येऊ द्यावे, मुलाला न पटणारी बाजू त्याच्याकडूनच मांडून घ्यावी, आणि आठवड्यातून एकदा तरी समवयस्कांच्या वादमंडळात त्याला पाठवावे. मतदार यादीत नाव नोंदवण्याचा अर्ज इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी आजही करता येतो. तेथील मराठी पालकांनी, मूल शाळेत शिकत असो वा घरी, तो अर्ज त्या वाढदिवशीच भरून घ्यावा.