संगणकावरील खेळ रचण्याची साधने

संगणकावरील खेळ पाहणाऱ्यास चित्रे हलताना दिसतात. वस्तुतः पडद्यावर काहीच हलत नसते. संगणक दर सेकंदास तीस किंवा साठ वेळा नवे चित्र काढतो आणि प्रत्येक चित्रापूर्वी तीन कामे उरकतो. खेळाडूने कोणती कळ दाबली ते पाहावयाचे, प्रत्येक वस्तूची नवी जागा ठरवावयाची आणि कोणती वस्तू कोणत्या वस्तूस भिडली ते तपासावयाचे. हेच खेळाचे चक्र होय. हौशी मंडळींसाठी निघालेली साधने हे चक्र आयते पुरवितात. मात्र त्यातील किती झाकून ठेवावे आणि किती उघडे करावे, याबाबत त्यांच्यांत मोठे अंतर आहे. नवशिक्याने निवड करताना प्रथम हेच पाहावयास हवे.

तुलनेसाठी एक साधा खेळ पुरेसा आहे : वरून आंबे पडतात, खालची टोपली सरकवून ते झेलावयाचे आणि झेललेल्या प्रत्येक आंब्यास एक गुण द्यावयाचा.

स्क्रॅच हे साधन अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत मिचेल रेझ्निक यांच्या गटाने तयार केले व २००७ मध्ये सर्वांस खुले केले. यात आज्ञा लिहावयाच्या नसून रंगीत ठोकळ्यांच्या रूपाने एकमेकींत बसवावयाच्या असतात. विजोड ठोकळे जुळतच नाहीत. त्यामुळे भाषेच्या व्याकरणात चुकण्यास वावच उरत नाही. मंच ४८० एकक रुंद व ३६० एकक उंच असून आरंभबिंदू मध्यभागी असतो, म्हणजे शाळेतील आलेखाप्रमाणेच वर जाताना वाय-निर्देशक वाढतो. ‘सतत करीत राहा’ अशा अर्थाच्या ठोकळ्यात ‘वाय ५ ने कमी कर’ हा ठोकळा बसविला की आंबा पडू लागतो. चक्र सेकंदास तीस वेळा फिरते, म्हणून वेग सेकंदास १५० एकक होतो आणि माथ्यावरचा आंबा सुमारे अडीच सेकंदांत तळाशी येतो. दुपारभरात खेळ उभा राहतो. मात्र एका वेळी ३०० हून अधिक प्रती काढता येत नाहीत आणि खेळ मोठा झाला की ठोकळ्यांची रास वाचणे ती रचण्याहून कठीण जाते. पहिल्या वर्षी या उणिवा फारशा बोचत नाहीत.

गेममेकर हे साधन नेदरलँड्समधील मार्क ओव्हरमार्स यांनी १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. येथे ‘आंबा’ या वस्तूचे वर्णन एकदाच करावयाचे : उत्पन्न होताना काय घडावे, चक्राच्या प्रत्येक फेऱ्यात काय घडावे, टोपलीस भिडल्यावर काय घडावे. मग त्या वर्णनावरून हवे तितके आंबे निघतात. साचा एकच, मोदक अनेक. चित्ररूप आज्ञा आणि लेखी भाषा अशा दोन्ही वाटा येथे असल्यामुळे ठोकळ्यांकडून लेखनाकडे जाणाऱ्यास हा चांगला पूल ठरतो. आरंभबिंदू मात्र डाव्या वरच्या कोपऱ्यात असून वाय-निर्देशक खाली जाताना वाढतो. स्क्रॅचची सवय असलेल्या विद्यार्थ्याचा पहिला आंबा हमखास आकाशात उडतो! टोबी फॉक्स यांचा २०१५ मधील ‘अंडरटेल’ हा गाजलेला खेळ याच साधनावर रचला गेला.

गोदो हे साधन अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की व एरिएल मान्झूर यांचे. त्याची मूळ आज्ञावली २०१४ मध्ये सर्वांस खुली झाली. ते अधिक कष्ट मागते, पण चक्र उघडे करून दाखविते. मागील चित्रापासून किती वेळ गेला, हे ‘डेल्टा’ नावाच्या राशीतून ते दर फेऱ्यास कळविते. वेगास वेळेने गुणले की अंतर मिळते, हा भौतिकीतला नियम येथे हाताशी येतो. सेकंदास साठ चित्रे निघत असतील तर आंबा प्रत्येक वेळी अडीच एकक सरकतो. मंद संगणकावर वीसच निघाली तर साडेसात. दोन्हीकडे एका सेकंदातील अंतर १५० एककच भरते. पहिल्या दोन साधनांत वर सांगितलेल्या साध्या रीतीने खेळ रचल्यास मंद यंत्रावर आंबाही मंदावतो.

ज्यास चित्रांपेक्षा फाटे फुटणारी गोष्टच रचावयाची आहे, त्यास या तिहींची गरज नाही. क्रिस क्लिमस यांचे २००९ मधील ट्वाइन त्यास पुरे आहे.

सुलभतेइतकाच महत्त्वाचा प्रश्न मालकीचा आहे, आणि नवशिके तो क्वचितच विचारतात. युनिटी या बहुप्रचलित साधनाच्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये, ठरावीक मर्यादेपुढे, खेळाच्या प्रत्येक स्थापनेमागे शुल्क आकारण्याचे जाहीर केले. ते पुढे वर्षभराने मागे घेतले गेले, तरी तोपर्यंत अनेकांनी गोदोची वाट धरली होती. फ्लॅशचा पाठिंबा २०२० च्या अखेरीस थांबला. त्यावर रचलेले असंख्य खेळ ब्राउझरमध्ये चालेनासे झाले. स्क्रॅचची दुसरी आवृत्तीही फ्लॅशवरच उभी होती. २०१९ ची तिसरी आवृत्ती नव्याने लिहिली गेली म्हणून ती वाचली. गेममेकर २०२१ पासून ऑपेरा कंपनीकडे आहे. २०२३ च्या अखेरीपासून ते बिगरव्यापारी कामास विनामूल्य आहे, खेळ विकावयाचा झाल्यास परवाना घ्यावा लागतो. गोदोवर रचलेला खेळ विकला तरी कोणास काही देणे लागत नाही.

जेथे इंटरनेट बेभरवशाचे आहे, अशा शाळा व ग्रंथालयांसाठी स्क्रॅचची संगणकावर उतरवून घेण्याची आवृत्ती मिळते. गोदो तर स्थापनेवाचून पेनड्राइव्हवरूनच चालते. त्याची दृश्ये साध्या मजकुराच्या रूपात साठविली जातात. ती कोणत्याही मजकूर-संपादकात उघडून वाचता येतात, मग ते साधन संगणकावर असो वा नसो.