चार आण्याची कोंबडी आणि सायकलवरचा तंबू

मंडळी, यंदाच्या कोजागरीला मसाला दुधाचे पेले हातात असताना तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "सायकलवरून तीन-चार दिवस भटकायचं, रात्री तंबू ठोकायचा, तर तो शंभर-सव्वाशे डॉलरचा हलका तंबू घ्यावा का? की चारशेचाच घ्यावा?" मी उत्तराला सुरुवात केली तेवढ्यात भेंड्या सुरू झाल्या आणि विषय तिथेच राहिला. ते उत्तर आता सवडीने देतो. मी या विषयातला तज्ज्ञ नव्हे. पेशाने इंजिनिअर, हौसेने सायकलवाला. या प्रश्नाचे उत्तर मी एकदा फार चुकीचे दिले होते, एवढाच माझा अधिकार.

आमच्या मेरीलँडमधल्या बहुतेकांची पहिली सायकल-सहल होते ती पोटोमॅकच्या काठाने. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनपासून कंबरलँडपर्यंत १८४.५ मैलांचा चेसापीक आणि ओहायो कालवा आहे. १८२८ साली तो खणायला घेतला, १८५० साली कंबरलँडला पोचला आणि १९२४ साली बंद पडला. ज्या वाटेवरून खेचरे होड्या ओढत, ती वाट मात्र राहिली. तिच्यावर मोटाररस्ता करायचा बेत होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ साली ती वाट पायी चालून लोकांचे लक्ष वेधले आणि १९७१ साली तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले. आज या वाटेवर काही काही मैलांवर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी मुक्कामाच्या फुकट जागा आहेत. हातपंप, लाकडी टेबल, शेकोटीची जागा आणि संडास. छप्पर तेवढे आपले आपण न्यायचे.

ते छप्पर मी २०१६ साली पंचेचाळीस डॉलरला आणले. पिशवीवर लिहिले होते: दोघांसाठी, हलका, जलरोधक. सौ.ने विचारले, "पावसात टिकेल ना हा?" मी म्हणालो, "अगं, पिशवीवर लिहिलंय की!" नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे मला तेव्हा आठवायला हवे होते.

ऑक्टोबरचा शेवट होता. एका मित्राने मला आणि माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला गाडीने कंबरलँडला सोडले. तीसेक मैल सायकल चालवून संध्याकाळी आम्ही पॉ पॉ बोगद्याच्या परिसरात मुक्काम केला. हा बोगदा ३,११८ फूट लांब. मुलगा त्यातून ओरडत, प्रतिध्वनी ऐकत गेला. जेवण झाले, तंबू उभा राहिला. अकराच्या सुमारास पाऊस लागला. थंडी ४५ अंश फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे बर्फाची नव्हे.

दोनच्या सुमारास मला जाग आली ती मुलाच्या हालचालीने. तंबूच्या शिवणीतून थेंब पडत होते आणि त्याची झोपायची पिशवी कमरेपासून खाली भिजली होती. तो कुडकुडत होता. "बाबा, दुसरी बॅग आहे का आपल्याकडे?" एवढे वाक्य बोलताना त्याची जीभ जड झाली होती, आणि पिशवीची चेन त्याच्या बोटांना उघडेना. शरीराचे तापमान उतरू लागल्याची ही लक्षणे मी वाचलेली होती. त्यासाठी बर्फ लागत नाही, ओले अंग आणि वारा पुरतो. मंडळी, मी घाबरलो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला लोकरी कपड्यांचा एक कोरडा जोड होता, तो त्याला घातला. माझ्या कोरड्या पिशवीत त्याला घातले. स्टोव्ह बाहेर टेबलाखाली पेटवून भरपूर साखरेचा चहा केला आणि घोट घोट पाजला. (बंद तंबूत स्टोव्ह कधीही पेटवू नये. आग तर लागतेच, पण कार्बन मोनॉक्साइड वायूला वासही नसतो.) तासाभराने तो नीट बोलू लागला. सकाळी चिखलातून तीस मैलांवरचे हॅनकॉक गाठले, मोटेलमध्ये खोली घेतली आणि घरी फोन केला. सौ. गाडी घेऊन आली. वाटेत काही बोलली नाही. घरी पोचल्यावर तिने एवढेच विचारले, "किती वाचले?"

पुढच्या शनिवारी मी तो तंबू परसात उभा केला आणि त्यावर बागेच्या नळाने पाणी सोडून आत जाऊन बसलो. तेव्हा जे दिसले, आणि पुढे वाचनातून व वापरातून जे समजले, ते असे.

पहिली गोष्ट कापडाची. तंबूच्या वर्णनात २० डी, ६८ डी असे आकडे असतात. डी म्हणजे डेनिअर, नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. आकडा लहान तितके कापड तलम आणि हलके. २१० टी असे लिहिलेले असते तिथे टी म्हणजे एका चौरस इंचातले उभे-आडवे धागे. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. तिसरा आकडा मिलिमीटरचा, म्हणजे किती उंचीचा पाण्याचा स्तंभ ते कापड तोलून धरते. गंमत अशी की स्वस्त तंबूंवर ३,००० किंवा ४,००० असे आकडे लिहिलेले असतात, आणि चारशे डॉलरच्या तंबूवर अनेकदा १,२०० दिसतो. दोन्ही आकडे खरे असू शकतात. पावसाला १,२०० पुरतात. खरा प्रश्न लेप किती वर्षे टिकतो आणि शिवण कशी आहे, हा.

शिवण म्हणजे सुईने पाडलेल्या हजारो भोकांची रांग. त्यावर आतून पट्टी चिकटवलेली असली तरच पाणी थांबते. माझ्या तंबूत ती पट्टी अर्ध्याच शिवणींवर होती. पॉलियुरेथेनचा लेप असेल तर पट्टी चिकटते, सिलिकॉनच्या लेपावर चिकटत नाही. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेल्या तंबूच्या शिवणी म्हणून आपल्यालाच ट्यूबमधल्या सिलिकॉनने बुजवाव्या लागतात. काम तासाभराचे आहे, पण ते करायचे असते हेच पुष्कळांना माहीत नसते.

दुसरी गोष्ट आवरणाची. माझ्या तंबूचे बाहेरचे आवरण डोक्यावरच्या टोपीएवढे होते. बाजूने येणारा पाऊस थेट आतल्या कापडावर. बाहेरचे आवरण चारी बाजूंनी जमिनीपर्यंत आले पाहिजे आणि आतला जाळीचा तंबू त्याला कुठेही चिकटता कामा नये. कारण पाणी फक्त आभाळातून येत नाही. दोन माणसे रात्रभर श्वास सोडतात, त्याची वाफ थंड कापडावर दव होऊन बसते. नदीकाठच्या दमट हवेत तर फारच. 'तंबू गळतो' अशा तक्रारींपैकी कितीतरी या दवाच्या असतात. एकपदरी तंबू वजनाला हलका असतो, पण हे दव आपल्या अंगावरच पडते.

तिसरी गोष्ट दांड्यांची. फायबरग्लासच्या दांड्या जड, आणि मोडल्या की त्यांच्या कुसळी हातात शिरतात. अ‍ॅल्युमिनियमची दांडी वाकते, पण बहुधा रात्र निभावून नेते. महागड्या तंबूंत अनेकदा कोरियाच्या डीएसी कंपनीच्या दांड्या असतात, स्वस्तात साध्या मिश्रधातूच्या. त्यासोबत चार इंची जोडनळी ठेवली की काळजी मिटते.

चौथी गोष्ट खास सायकलवाल्यांची. पाठीवर तंबू वाहणारा माणूस औंसाऔंसाला पैसे मोजतो, ते त्याच्या दृष्टीने बरोबर आहे. आपले ओझे सायकल वाहते. दोन किलोचा तंबू आणि सव्वा किलोचा तंबू यांतला फरक पाण्याच्या एका भरल्या बाटलीएवढा. कालव्याच्या सपाट वाटेवर तो जाणवतही नाही. जाणवते ती लांबी. गुंडाळलेल्या दांड्या पंचेचाळीस-पन्नास सेंटिमीटर असतील तर वाकड्या हँडलच्या मधल्या जागेत बसत नाहीत. त्या वेगळ्या काढून मागच्या कॅरिअरला किंवा फ्रेमच्या वरच्या नळीखाली बांधाव्यात. आणि ज्या हलक्या तंबूंना चालण्याच्या काठ्यांचा आधार लागतो, ते आपल्याला चालत नाहीत, कारण आपल्याजवळ काठ्या नसतात.

इथे एका शिंप्याची आठवण काढतो. थॉमस हायरम होल्डिंग नावाचा इंग्रज शिंपी १८९७ साली आयर्लंडमध्ये सायकलवर तंबू बांधून फिरला, १८९८ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले आणि १९०१ साली सायकलवर मुक्काम करणाऱ्यांची संघटना काढली. सायकलवरच्या या छंदाची सुरुवात अशी एका शिवणकाम जाणणाऱ्या माणसाने केली, यात मला नवल वाटत नाही. शेवटी सगळे शिवणीवरच येऊन ठेपते.

आता हिशोब. पंचेचाळीसचा तंबू सुधारायला मी शिवणीचे सिलिकॉन दहा, चांगल्या खुंट्या पंधरा आणि वर ताणायला मोठे कापड पंचवीस डॉलर, असा खर्च काढला. एकूण पंचाण्णव, आणि वजन तीन किलोंच्या वर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! तो नाद मी सोडला. २०१७ साली एकशेवीस डॉलरचा दुपदरी, अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांचा, दोन किलोंच्या आतला तंबू घेतला. त्यात आजवर चाळीस रात्री काढल्या, म्हणजे रात्रीला तीन डॉलर. चारशेचा असता तर दहा पडले असते. त्या चाळीस रात्रींत एकदा रात्रभर मुसळधार पाऊस झाला. आत थेंब आला नाही. एक खुंटी वाकली, एक चेन अडली. तक्रार एवढीच.

तेव्हा उत्तर असे. उन्हाळा आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे दोन महिने, झाडांच्या आडोशाला, गावे जवळ असलेल्या वाटेवर, वर्षातून पाच-दहा रात्री, असा बेत असेल तर शंभर ते दीडशे डॉलरचा हलका तंबू खुशाल घ्या. फक्त दुपदरी, जमिनीपर्यंत आवरण, पट्टी लावलेल्या शिवणी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या या चार गोष्टी पाहून. उघड्या माळावर, समुद्रकाठी, डोंगरमाथ्यावर किंवा स्कॉटलंड-आइसलँडसारख्या वाऱ्याच्या मुलखात जायचे असेल, किंवा महिनोन्‌महिने तंबूतच राहायचे असेल, तर चांगल्या तंबूचे पैसे मोजा. तिथे दुरुस्तीची हमी आणि सुटे भाग मिळणे याला किंमत आहे. आणि पंचेचाळीसचा तंबू? तो परसात, मुलांच्या खेळायला.

घेताना अंथरूण पाहून पाय पसरा, खिशाच्या अर्थाने आणि शब्दशःही. दोघांचा म्हणून विकतात तो तंबू एक माणूस आणि त्याच्या पिशव्या यांचा असतो. आत झोपून पाहा, पाय कापडाला टेकले तर सकाळी ओले होणार. वजन विचाराल तेव्हा खुंट्या, दोऱ्या, पिशवी धरून विचारा, नाहीतर या गोष्टी वगळून सांगतात. आणल्याबरोबर परसात उभा करून वीस मिनिटे नळाचे पाणी सोडा. परत करायची मुदत असते तोवरच हे करायचे. मुक्कामाची जागा निवडताना खोलगट भाग टाळा. त्या रात्री मी नेमका खळग्यात तंबू ठोकला होता आणि मुलाच्या अंगावर सुती कपडे होते. तंबूच्या माथी सगळे खापर फोडणे बरोबर नाही. अर्धी चूक माझी होती. घरी आल्यावर तंबू पूर्ण वाळवूनच ठेवा. ओला गुंडाळला की पॉलियुरेथेनचा लेप हळूहळू चिकट होतो, कुबट वास येतो, आणि मग तो तंबू स्वस्त असो की महाग, गेलाच.

नव्या तंबूची पहिली रात्र आम्ही तिघांनी मिळून त्याच बोगद्याजवळ काढली. सौ. सायकलने नाही, गाडीने आली. संध्याकाळी तिने तंबूच्या आत जाऊन बोटाने एकेक शिवण तपासली, आणि मगच मुलाचे अंथरूण घातले.

ज्यांना खरेदीआधी अनुभव घ्यायचा आहे त्यांनी माझा तंबू आठवडाभर न्यावा. भाडे नाही. अट एकच, वाळवून परत द्या.