लिलावातील घर आणि भाडेकरू

‘लिलाव’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. बोली संपली की व्यवहार संपला, असा त्याचा लौकिक अर्थ. कायद्याचा अर्थ निराळा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये महसुलाच्या थकबाकीपोटी घर विकले गेले, तरी मूळ मालकास ३० दिवसांच्या आत ती विक्री रद्द करवून घेता येते. त्यासाठी थकबाकी व खर्चाखेरीज खरेदीच्या रकमेच्या ५ टक्के रक्कम त्याने खरेदीदाराकरिता भरावयाची असते. विक्री कायम होण्यापूर्वी घर भाड्याने देणे म्हणजे जे अद्याप आपले नव्हे ते दुसऱ्यास देणे होय. विक्री रद्द झाल्यास खरेदीदाराचे पैसे परत मिळतात. बिऱ्हाड मात्र भाडेकरूलाच हलवावे लागते. म्हणून त्याने प्रथम विक्रीचा दाखला पाहावा.