विज्ञानकथेची संमेलने आणि ती भरवणारी माणसे

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी. ए. कृष्णविवराचं गणित मला कळणार नाही. पण संमेलन म्हणजे काय, हे मात्र चांगलं ठाऊक आहे. मुशायऱ्यात शायराइतकाच मान दाद देणाऱ्याला असतो, आणि या दोघांच्याही आधी सतरंज्या अंथरणारा हजर असतो. म्हणून विज्ञानकथेच्या चाहत्यांची संमेलनं कशी सुरू झाली हे वाचताना माझं लक्ष ती भरवणाऱ्यांकडेच जास्त गेलं.

जानेवारी 1937 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स गावी थिऑसॉफिकल सोसायटीच्या सभागृहात मोजकी माणसं जमली. हे विज्ञानकथेच्या चाहत्यांचं ठरवून भरवलेलं पहिलं संमेलन मानतात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे लोक मात्र तो मान आपल्या 1936 च्या बैठकीला देतात. चालायचंच! लीड्सला आलेल्यांत एकोणीस वर्षांचा आर्थर क्लार्क होता. पुढं जुलै 1939 मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक संमेलन झालं, सुमारे दोनशे लोक आले. संयोजकांपैकी सॅम मॉस्कोविट्झ हाही जेमतेम एकोणीस वर्षांचा. आणि भांडण तिथंही होतंच. विरोधी गटातल्या सहा जणांना दारातच अडवलं गेलं. त्यांतला फ्रेडरिक पोल पुढं नामवंत लेखक आणि संपादक झाला. आपल्याकडच्या संमेलनांतले वाद पाहिलेल्यांना यात नवल वाटू नये.

एक गोष्ट मात्र तिथं पक्की रुजली. संमेलन वाचकांचं. 1953 साली सुरू झालेले ह्यूगो पुरस्कारही परीक्षक ठरवत नाहीत, संमेलनाचे सभासद मतं देऊन ठरवतात. म्हणजे दाद देणाऱ्याच्याच हाती मानपत्र!

मराठीत वाट निराळी निघाली. इथं विज्ञानकथेला आसरा दिला तो विज्ञानप्रसाराचं काम करणाऱ्यांनी. 1966 साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिची वार्षिक अधिवेशनं गावोगावी भरू लागली, आणि परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धाही सुरू केली. 1974 साली या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला, की हे तर जयंत विष्णू नारळीकर! आद्याक्षरं उलटी केलेली. नावाच्या वजनानं परीक्षक दबू नयेत म्हणून ही युक्ती. अक्षर ओळखू येईल म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. आणखी गंमत अशी, की ही कथा त्यांनी लिहायला घेतली ती अहमदाबादच्या एका परिसंवादात, एक कंटाळवाणं व्याख्यान चालू असताना. रटाळ वक्त्यांचेही साहित्यावर असे उपकार असतात.

पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. मुकुंदराव किर्लोस्करांनी नारळीकरांकडून कथा मागवल्या. 1979 मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रवाह वाढवला. तरीही "हे साहित्य की विज्ञानाचा धडा?" हा प्रश्न काही सुटला नाही. माझ्या मते त्याचं कारण आसऱ्यातच आहे. प्रसारासाठी लिहिलेली गोष्ट वाचक आधी शिकवणी म्हणून हाती घेतो.

तो प्रश्न आमच्या गावात मिटला असं मला वाटतं. करोनामुळे लांबलेलं 94 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डिसेंबर 2021 मध्ये नाशिकला, आडगावजवळ भरलं. अध्यक्ष होते नारळीकर. वैज्ञानिकाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, याची हुरहूर राहिलीच. 20 मे 2025 रोजी ते गेले.

उरते ती एक उणीव. आपल्याकडे विज्ञानकथेला स्पर्धा मिळाली, अध्यक्षपद मिळालं. तिच्या नुसत्या वाचकांनी भरवलेलं, त्यांच्याच मतांवर चालणारं संमेलन मात्र रुजलं नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं. त्याच्या वाचकांत 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला' आवडीनं नेणारे काही निघतीलच. लीड्सला तरी सुरुवातीला किती जण होते!