शितावरून भाताची परीक्षा: पण शिते किती?

भात शिजत आला की आई झाकण काढते, डावाने भात खालीवर करते, दोन-चार शिते बोटांनी चेपून पाहते आणि पातेले उतरवते. साऱ्या भाताची परीक्षा तेवढ्यावर होते. पण ही परीक्षा कितपत भरवशाची? आणि त्यासाठी शिते किती घ्यावीत?

समजा, एका तालुक्यातील शाळांत २०,००० मुले आहेत. त्यांतील किती जणांना चष्मा लागेल याचा अंदाज घेऊन पैसे उभे करायचे आहेत. सर्वांचे डोळे तपासायला सवड नाही. म्हणून ४० मुले निवडून तपासली. त्यांपैकी १० जणांची दृष्टी अधू निघाली, म्हणजे २५ टक्के. मग '५,००० चष्मे लागतील' असे सांगून मोकळे व्हावे काय?

लंबकाचा आवर्तकाल मोजून विद्यार्थी नुसता आकडा लिहून आणतो, तेव्हा मी त्याची वही परत करतो. यात चूक कितीची असू शकेल तेही लिही, असे सांगतो. नमुन्यावरून काढलेल्या टक्केवारीलाही हाच नियम लागू आहे.

एक सोपा प्रयोग करून पाहा. एका डब्यात एकाच आकाराचे ९०० पांढरे आणि ३०० लाल मणी घाला. डबा चांगला हलवा आणि डोळे मिटून ४० मणी काढा. लाल मणी मोजा, सर्व मणी परत टाका, डबा पुन्हा हलवा. असे वीस वेळा करा. लाल मणी दर वेळी नेमके १० येणार नाहीत. कधी ७, कधी १३ येतील. पण वीसपैकी सुमारे १९ वेळा ही संख्या ५ ते १५ यांच्या दरम्यान राहील.

हा चढउतार गणिताने काढता येतो. मिळालेले प्रमाण आणि उरलेले प्रमाण यांचा गुणाकार करा, त्याला नमुन्यातील संख्येने भागा, वर्गमूळ काढा आणि त्याची दुप्पट करा. आपल्या उदाहरणात ०.२५ × ०.७५ ÷ ४० याचे वर्गमूळ सुमारे ०.०७ येते, दुप्पट सुमारे ०.१४. म्हणजे खरे प्रमाण २५ टक्क्यांच्या १४ टक्के अलीकडे वा पलीकडे, ११ ते ३९ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकेल. चष्मे २,२०० लागतील की ७,८००? एवढ्या मोठ्या फरकावर पैशांची तजवीज कशी करणार!

४०० मुले तपासली आणि तरीही २५ टक्केच आले, तर हा टप्पा २१ ते २९ टक्के एवढा आखडतो. मात्र येथे एक मेख आहे. नमुना दहापट झाला, पण चूक दहापट कमी झाली नाही. ती साधारण एक-तृतीयांशावर आली. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट हवा. आधी काहीच माहीत नसेल, तर सर्वांत जास्त चढउताराचे, म्हणजे निम्म्याचे, प्रमाण धरतात. मग १०० जणांच्या नमुन्यात चूक १० टक्क्यांपर्यंत, ४०० च्या नमुन्यात ५ आणि १०,००० च्या नमुन्यात १ टक्क्यापर्यंत जाऊ शकते.

या टप्प्याला 'विश्वास-अंतराल' म्हणतात. ही कल्पना जेर्झी नेमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९३० नंतरच्या दशकात मांडली. त्याच काळात लंडनमध्ये शिकत असलेले सातारा जिल्ह्यातील डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी पुढे भारतात पिकांच्या नमुना-पाहणीचा पाया घालण्यात मोठा वाटा उचलला. '९५ टक्के विश्वास' याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. याच रीतीने शंभर वेळा नमुने घेऊन शंभर टप्पे काढले, तर त्यांतील सुमारे ९५ टप्प्यांत खरे प्रमाण सापडेल. आपला टप्पा चुकलेल्या पाचांपैकी तर नाही ना, हे मात्र कळत नाही.

तालुक्याऐवजी जिल्हा घेतला तर नमुना कित्येक पट वाढवावा लागेल का? नाही! घरचे पातेले असो की पंगतीचा हंडा, भात सारखा ढवळलेला असेल तर तेवढीच शिते पुरतात.

पण भात ढवळलेलाच नसेल तर? १९३६ साली अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन जिंकणार असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते पडली! नावे मुख्यतः टेलिफोन व मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून घेतलेली होती, आणि उत्तरे दिली ती फक्त हौशी लोकांनी. जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५०,००० लोकांवरून रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितले. मात्र त्यांचीही निवड पूर्णपणे यादृच्छिक नव्हती आणि त्यांचा आकडा काही टक्क्यांनी कमीच पडला. १९३८ साली ते साप्ताहिक बंद पडले.

आमचे सूत्र फक्त नशिबाचा चढउतार मोजते. निवडीतला पक्षपात त्याला दिसत नाही. आपली ४० मुले नुसती पहिल्या बाकांवरची घेतली असती तर? फळा दिसत नाही म्हणून गुरुजी ज्यांना पुढे बसवतात, नेमकी तीच मुले हाती लागली असती!

तेव्हा वर्तमानपत्रात 'इतके टक्के लोक म्हणतात' असे वाचाल, तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा: शिते किती होती? आणि भात ढवळला होता का?